संगणकाचा पी.पी. नंबर

आज ज्या इतिहासाबद्दल लिहितो आहे त्यात किल्ला नाही, लढाई नाही आणि ताम्रपटही नाही. लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा एक संगणक आणि त्याला बाहेरच्या जगाशी जोडणारे एक कार्ड, जे मुळात अस्तित्वातच नाही, त्या कार्डाचा हा इतिहास आहे. नातेवाईकांपैकी काही जण इथेच वाचन थांबवतील याची मला कल्पना आहे. पण जरा थांबा. या कार्डाच्या पलीकडे बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसे अडकून पडली होती.

आमचे एक सहकारी शिक्षक पाथर्डी तालुक्यात नोकरीला होते. नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना ते आवडले नसते. निवृत्तीच्या आधीची काही वर्षे ते सुट्टीच्या दिवशी सायकलवर टांग टाकून वाड्या-वस्त्यांवर जात आणि म्हाताऱ्या माणसांकडून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी लिहून घेत. मिलो ज्वारीच्या भाकरीची चव, सुकडीसाठी लावलेल्या रांगा, पाझर तलावाची कामे, खडीचे ढीग मोजायला येणारा मुकादम, दावणीवरून सोडून दिलेली गुरे. मी त्या साली नुकताच बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो, त्यामुळे हे सगळे मीही पाहिले आहे. पण मी लिहून ठेवले नाही, त्यांनी ठेवले. पुढे संगणक घेतला, मराठी टंकलेखन शिकले आणि दोनशेच्या वर फायली स्वतः टाइप केल्या. ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांतले बहुतेक जण आता हयात नाहीत. सांगून घेणारेही गेले. उरली ती त्यांच्या संगणकाची हार्ड डिस्क. ती त्यांच्या मुलाने जपून ठेवली होती आणि मागच्या वर्षी मला कुरिअरने पाठवली.

फायली हातात आल्या, मग अडचण कसली? अडचण अशी की त्या पेजमेकरमध्ये आणि त्या काळच्या मराठी फाँटमध्ये होत्या. आजच्या संगणकावर उघडल्या तर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. त्या वाचण्यासाठी तेच सॉफ्टवेअर, तेच फाँट आणि तीच विंडोज एक्सपी हवी, आणि ती सगळी त्या डिस्कवर एकत्र नांदत होती. म्हणजे नुसत्या फायली नव्हे, अख्खा संगणकच पुन्हा जिवंत करायला हवा होता. माझा भाचा या क्षेत्रातला. त्याने डिस्कची जशीच्या तशी प्रत काढली आणि ती माझ्या लॅपटॉपमध्ये आभासी संगणक म्हणून सुरू करून दिली. पडद्यावरच्या एका चौकटीत ती हिरवी टेकडी आणि निळे आकाश पुन्हा दिसले तेव्हा मला काय वाटले ते लिहीत बसत नाही.

यंत्रात यंत्र ही कल्पना मला आधी बुवाबाजीसारखी वाटली होती. पण तिचे मूळ अगदी व्यवहारातले आहे. १९६० च्या दशकात संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले यंत्र, आणि त्याची किंमत एवढी की एका माणसाने ते एकट्याने अडवून ठेवणे कुणालाच परवडत नसे. अमेरिकेत केंब्रिज येथे आयबीएम कंपनीचे एक संशोधन केंद्र होते. तिथे रॉबर्ट क्रीसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी युक्ती काढली की यंत्र एकच ठेवायचे, पण वापरणाऱ्या प्रत्येकाला वाटले पाहिजे की पूर्ण यंत्र आपल्याच ताब्यात आहे. जानेवारी १९६७ मध्ये त्यांची सीपी-४० ही प्रणाली कामाला लागली. एका यंत्रात एका वेळी १४ आभासी यंत्रे चालू शकत. ज्यांनी एकशिक्षकी शाळा पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. गुरुजी एकच, खोली एकच, पण पहिलीपासून चौथीपर्यंत प्रत्येक वर्गाची समजूत अशी की गुरुजी आपलेच.

हीच युक्ती आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० या नावाने सर्व ग्राहकांसाठी जाहीर केली. तारीख वाचून मी थबकलो. तो ऑगस्ट आमच्या जिल्ह्यात कोरडाच होता. असो.

पुढे छोटे संगणक आले, स्वस्त झाले आणि एका यंत्राची चौदा यंत्रे करण्याची गरज लोक विसरून गेले. घरगुती संगणकातल्या इंटेलच्या चिपची रचनाही अशी होती की तिला असे फसवणे फार अवघड. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने ते १९९९ मध्ये करून दाखवले. मग २००५ च्या अखेरीस इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने चिपमध्येच त्यासाठी सोय केली, आणि जानेवारी २००७ मध्ये इनोटेक या जर्मन कंपनीने व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर लोकांना मोकळे करून दिले. कंपनी पुढे सनकडे गेली, सन ओरॅकलकडे गेली, पण सॉफ्टवेअर चालू आहे. आम्ही वापरले ते हेच.

आता कार्डाकडे येतो. संगणक जाळ्याला जोडायचा तर नेटवर्क कार्ड लागते. लॅपटॉपमधले खरे कार्ड लॅपटॉप स्वतःच वापरत असतो. मग आतल्या संगणकाला कार्ड कुठून आणायचे? इथे सॉफ्टवेअर बहुरूप्याचे काम करते. ते कार्डाचे सोंग घेते. बहुरूपी गावात येतो तेव्हा फौजदाराचे सोंग घेतो, कारण फौजदार सगळ्यांना ओळखू येतो. कुणाला माहीतच नसलेल्या अधिकाऱ्याचे सोंग घेऊन दारात उभा राहिला तर कोण दाद देईल? आभासी कार्डाचेही तसेच. त्याला अशाच एखाद्या खऱ्या, एके काळी बाजारात मिळणाऱ्या कार्डाचे सोंग घ्यावे लागते, जे आतल्या विंडोजला ओळखू येईल.

म्हणून आज तुमच्या लॅपटॉपमधल्या आभासी संगणकाच्या सेटिंगमध्ये गेलात तर कार्डांची जी यादी दिसते, ती एक छोटे वस्तुसंग्रहालयच आहे. त्यात एएमडी कंपनीचे पीसीनेट आहे, ते १९९० च्या दशकातले. इंटेलचे प्रो/१००० आहे, ते त्याच्या नंतरच्या पिढीचे. काही सॉफ्टवेअरमध्ये एनई२००० सुद्धा मिळते. ते नॉव्हेल कंपनीने १९८० च्या दशकात आणलेले कार्ड, ज्याच्या स्वस्त नकला पुढे जगभर खपल्या. ही कार्डे आता कुणी दुकानात मागायला जात नाही. धातूची मूळ कार्डे केव्हाच भंगारात गेली, पण त्यांची सोंगे लाखो संगणकांत रोज उभी राहतात.

आमची पहिली अडचण इथेच आली. भाच्याच्या सवयीप्रमाणे आभासी यंत्राला इंटेलचे प्रो/१००० एमटी डेस्कटॉप हे कार्ड लावलेले होते. एक्सपीने डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्यापुढे पिवळे प्रश्नचिन्ह काढले. मी तुला ओळखत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

"मामा, याचा ड्रायव्हर डाउनलोड करावा लागेल," भाचा म्हणाला.

"ज्याला जाळेच नाही, तो जाळ्यावरून ड्रायव्हर कसा आणणार?"

तो हसला. मी म्हटले, "हे बघ, मला ड्रायव्हर वगैरे कळत नाही. पण हे यंत्र कोणत्या साली जगते आहे ते सांग."

इतिहासाच्या तासाला मी मुलांना हाच प्रश्न विचारायला लावत असे. कागद पुढे आला की आधी काळ विचारा, मजकूर मागाहून. विंडोज एक्सपी बाजारात आली २५ ऑक्टोबर २००१ रोजी. तिच्या पोटात ज्या कार्डांची ओळख भरून दिलेली आहे ती तोपर्यंतची. पीसीनेट तिला लहानपणापासून ठाऊक, प्रो/१००० चा हा प्रकार मात्र तिच्या यादीत नाही. गंमत म्हणजे पुढच्या विंडोज व्हिस्टाने नेमके उलटे केले. तिने पीसीनेटची ओळख काढून टाकली आणि इंटेलची ठेवली. म्हणून नव्या विंडोजला जुने सोंग दाखवले तरी कार्ड सापडत नाही आणि जुन्या विंडोजला नवे दाखवले तरी सापडत नाही. भाच्याने यंत्र बंद केले, यादीतून पीसीनेट-फास्ट ३ निवडले आणि पुन्हा सुरू केले. एक्सपीने कुरकुर न करता कार्ड ओळखले. आभासी यंत्राचे जाळे चालत नसेल तर सगळ्यात आधी हेच पाहावे असे माझे मत झाले आहे. केबल, राउटर, मोडेम यांच्या मागे लागण्याआधी सोंग कोणत्या सालचे आणि पाहणारा कोणत्या सालचा, ते जुळते का ते पाहावे.

प्रत्येक कार्डाला एक कायमचा क्रमांक असतो, त्याची कथाही सांगण्यासारखी आहे. कार्डांच्या या जाळ्याचे मूळ हवाई बेटांवर आहे. तिथल्या विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ मध्ये बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. दोघे एकदम बोलले तर दोघांनी गप्प बसायचे आणि थोड्या वेळाने, प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी, पुन्हा बोलायचे, असा साधा नियम. (आमच्या शिक्षक-सभेत हा नियम कधीच लागू झाला नाही.) त्यावरून स्फूर्ती घेऊन रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात इथरनेटचे टिपण लिहिले. पुढे हे जाळे जगभर विकायचे ठरले तेव्हा प्रश्न आला की दोन कार्डांचा क्रमांक एकच निघाला तर? उत्तर म्हणून ४८ बिटांचा क्रमांक ठरला. म्हणजे सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे क्रमांक. पहिला भाग कंपनीचा, दुसरा त्या कार्डाचा. १९८१ मध्ये ही योजना ज्या दोघांनी निबंधात मांडली त्यांतले एक होते योगेन दलाल, आपल्या पवईच्या आयआयटीचे विद्यार्थी. आपल्या घरातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये आज तसा एक क्रमांक आहे.

आभासी कार्डाला मात्र कारखाना नाही. त्याचा क्रमांक सॉफ्टवेअरच बसवते. व्हर्च्युअलबॉक्सच्या कार्डांचे क्रमांक ०८:००:२७ ने सुरू होतात. त्यामुळे आभासी संगणकाची प्रत काढताना क्रमांकही तसाच उतरला आणि दोन्ही प्रती एकाच वेळी चालू केल्या तर दोघी एकाच नावाने हाक मारू लागतात आणि राउटर गोंधळतो. प्रत काढताना नवा क्रमांक घ्या, असा पर्याय तिथेच असतो. वर्गात एकाच नावाची दोन मुले असली की आपण आडनाव विचारतो, त्यातलाच प्रकार.

कार्ड ओळखले गेले, क्रमांकही मिळाला. आता जाळ्यावरचा पत्ता. आणि इथे मला शीर्षकातला पी.पी. नंबर आठवला.

तरुण वाचकांसाठी सांगतो. १९८० आणि ९० च्या दशकांत टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. मग लोक शेजारच्यांचा नंबर देत आणि पुढे पी.पी. असे लिहीत. लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर, शाळेच्या दाखल्याच्या अर्जावर, सगळीकडे पी.पी. फोन शेजारच्या काकूंकडे येई, त्या भिंतीवरून हाक मारत आणि आपण पायात चपला अडकवून पळत सुटायचो. पत्रांचेही तसेच. वाड्यात भाड्याने राहणाऱ्या शिक्षकाचे पत्र 'द्वारा' लिहून मालकाच्या नावावर येई.

इंटरनेटवरही नंबर पुरेनासे झाले. तिथला पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे एकूण जेमतेम ४२९ कोटी. जेव्हा हे ठरले तेव्हा एवढे संगणक होतील असे कुणाला वाटले नव्हते. आपल्याकडे १९८६ मध्ये एर्नेट हा प्रकल्प सुरू झाला तेव्हा जोडायच्या संस्था होत्या आठ, त्यांत मुंबईची एनसीएसटी एक. सर्वसामान्यांसाठी विदेश संचार निगमने इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. त्याच सुमारास जगात पत्त्यांची टंचाई जाणवू लागली होती. मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी एक उपाय लिहून प्रसिद्ध केला. घरातल्या सगळ्या संगणकांनी आपापसांत खासगी पत्ते वापरावेत आणि बाहेरच्या जगाशी एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बोलावे. त्याला नॅट म्हणतात. मी त्याला पी.पी. म्हणतो.

आभासी संगणक सुरू केला की सहसा त्याला हेच नॅट मिळते. आमच्या एक्सपीला पत्ता मिळाला १०.०.२.१५. व्हर्च्युअलबॉक्समध्ये पहिल्या कार्डाला नेहमी हाच मिळतो. शेजारच्या काकू म्हणजे लॅपटॉप, त्यांचा पत्ता आत १०.०.२.२. पी.पी.चे सगळे गुणदोष इथे जसेच्या तसे आहेत. बाहेर फोन करायचा तर काही अडचण नाही, काकूंच्या घरी जाऊन लावता येतो. पण बाहेरून कुणाला आपल्याला फोन करायचा असेल तर काकूंना आधी सांगून ठेवावे लागते की अमुक फोन आला तर मला हाक मारा. संगणकवाले त्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. हे न सांगता "माझा लॅपटॉप आतल्या संगणकापर्यंत का पोहोचत नाही?" म्हणून डोके धरून बसणारे पुष्कळ असतात, असे भाचा सांगतो.

दुसरा मार्ग म्हणजे आतल्या संगणकाला स्वतःचीच फोनलाइन देणे. याला ब्रिज म्हणतात. मग घरच्या राउटरला तो लॅपटॉपइतकाच स्वतंत्र संगणक दिसतो. केबलवर हे उत्तम चालते. वाय-फायवर मात्र घोटाळा होतो, आणि त्याचेही कारण आहे. वाय-फायचा राउटर ओळख पटवून एका कार्डाला आत घेतो. त्याच कार्डाच्या तोंडून दुसऱ्याच क्रमांकाचा आवाज आला तर तो ऐकून घेत नाही. एका तिकिटावर दोघे एसटीत चढले तर कंडक्टर जे करेल तेच. सॉफ्टवेअर यावर क्रमांक बदलून बोलण्याची शक्कल लढवते, ती काही कार्डांवर चालते, काहींवर नाही. आमच्या लॅपटॉपवर चालली नाही. एक्सपीने खूप वेळ वाट पाहिली आणि मग स्वतःच एक पत्ता घेतला, १६९.२५४ ने सुरू होणारा. हा आकडा लक्षात ठेवा. संगणकाने पत्ता मागितला, कुणीही उत्तर दिले नाही, म्हणून त्याने स्वतःच स्वतःला एक नाव ठेवले, एवढाच त्याचा अर्थ. विंडोज ९८ पासूनची ही रीत आहे. तो दिसला की कार्डाला दोष देऊ नये, कार्ड आणि ड्रायव्हर ठीक आहेत. पलीकडून पत्ता वाटणाऱ्यापर्यंत हाक पोहोचत नाही, एवढे समजावे.

मग नॅटवरच का भागवले नाही? भागले असते, पण त्या एक्सपीला मोकळ्या जाळ्यावर सोडणे मला पटेना. तिच्यासाठीची दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली. शिवाय तिच्यातला जुना ब्राउझर आजची सुरक्षित संकेतस्थळे उघडूच शकत नाही, कारण कुलपांची पद्धत मधल्या काळात बदलली. आम्हाला तरी जगाशी बोलायचे होते कुठे? आतल्या पेजमेकरमधून मजकूर काढून लॅपटॉपवर आणायचा होता, बस. यंत्र बंद करून डिस्क बाहेरून उघडून फायली काढता येत होत्या, पण दर खेपेला सगळे बंद करून पुन्हा सुरू करण्यात सकाळ जाई. म्हणून तिसरा मार्ग निवडला. फक्त लॅपटॉप आणि आतला संगणक, दोघांचेच खासगी जाळे. बाहेर दार नाही.

पत्ता कोणता द्यायचा? आमच्या गुरुजींच्या संगणकात एक जुनी नोंद होती. त्यांनी आणि मुलाने घरातले दोन संगणक एका केबलने जोडलेले होते, आणि हाताने पत्ते दिले होते. मुलाचा १९२.१६८.०.१ आणि गुरुजींचा १९२.१६८.०.२. भाचा म्हणाला, "मामा, तेच ठेवू. लॅपटॉपला मुलाचा पत्ता देतो."

मला ते फार बरे वाटले. पण एक्सपीने अडवले. हा पत्ता आधीच दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे, असा इशारा आला. दुसरे कार्ड कुठले? यादीत तर एकच दिसत होते. भाच्याने आज्ञापट्टीत एक ओळ टाइप केली आणि लपलेली उपकरणे दाखवायला सांगितले. मग ते दिसले, फिकट रंगात. गुरुजींच्या खऱ्या संगणकातले खरे कार्ड. ते यंत्र भंगारात जाऊन बरीच वर्षे झाली, पण विंडोजच्या नोंदवहीत पत्ता अजून त्याच्याच नावावर होता. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. सातबाऱ्यावर मयताचे नाव असेल तर जमीन तुमच्या कब्जात असूनही तुमची होत नाही, आधी वारस नोंद करून फेरफार लावून घ्यावा लागतो. भाच्याने ते फिकट कार्ड काढून टाकले आणि पत्ता नव्या कार्डाच्या नावावर चढवला. तलाठ्याकडे एवढे झटपट झाले असते तर!

लॅपटॉपवरून पिंग केले, आतून उत्तर आले. तरीही फायली सामायिक करता येईनात. दोघे एकमेकांना ऐकत होते, पण भाषा जुळत नव्हती. एक्सपीला फायलींची देवाणघेवाण करायची जी जुनी पद्धत येते ती तेवढीच येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा विषाणू याच पद्धतीतल्या भोकातून जगभर पसरला, आणि त्या वर्षीच्या शरद ऋतूतल्या विंडोज १० पासून ती पद्धत मुळात बसवणेच बंद झाले. पत्र पोहोचते आहे पण मोडीत लिहिलेले आहे आणि घरात मोडी वाचणारे कुणी उरलेले नाही, अशी ही गत. जुनी पद्धत लॅपटॉपवर पुन्हा चालू करता येते. भाच्याला ते धोक्याचे वाटले आणि मलाही.

शेवटी कामाला आली ती याहूनही जुनी रीत, एफटीपी. एक्सपीमध्ये ती असतेच, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायच्या. लॅपटॉपवर तिचा सर्व्हर म्हणून एक छोटे फुकट सॉफ्टवेअर टाकले आणि पहिली फाइल सेकंदात बाहेर आली. ही रीत लिहिली अभय भूषण यांनी. अलाहाबादचे, कानपूर आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये शिकायला गेले. पहिला मसुदा एप्रिल १९७१ चा, सुधारलेला जुलै १९७२ चा. पुन्हा बहात्तर. बोस्टनजवळ बसून एक भारतीय तरुण फायली इकडून तिकडे कशा न्यायच्या याचे नियम लिहीत होता, तेव्हा पाथर्डीकडची माणसे आभाळाकडे पाहत होती. त्या माणसांच्या आठवणी पन्नास वर्षांनी त्याच नियमांनी एका आभासी पेटीतून बाहेर आल्या. याला मी योगायोगापेक्षा मोठे नाव देत नाही, पण त्या दिवशी मी चहा दोनदा केला.

बाहेर आलेल्या मजकुराची अजून एक पायरी बाकी होती. मराठी संगणकावर येण्यासाठी आपल्याकडे मोठे काम झाले आहे. जिस्ट तंत्रज्ञानाचे बीज कानपूर आयआयटीतले. ते पुण्याच्या सीडॅकमध्ये मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी वाढवले. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाण १९९१ मध्ये ठरले आणि त्याच साली युनिकोडमध्येही देवनागरीला जागा मिळाली. पण छपाईच्या सॉफ्टवेअरला यातले काही कळत नसे. त्यामुळे श्रीलिपी, आकृती, सीडॅकचे योगेश-सुरेख अशा फाँटांनी रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. प्रत्येकाची मांडणी निराळी. कागदावर मराठी सुंदर उमटायची. दोन दशकांची पुस्तके, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल असेच तयार झाले. म्हणजे हेही सोंगच. आत रोमन, बाहेर देवनागरी. फाँट दूर केला की सोंग उतरते आणि खिचडी उरते.

ती खिचडी युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत. ती बरीचशी कामे करतात, पण रफार आणि जोडाक्षरांशी ठेच खातात. "दुष्काळ" नीट येतो, "खोऱ्याने" येत नाही. पहिली वेलांटी शब्दाच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते. सध्या रोज सकाळी दोन-तीन फायली तपासतो. एका म्हातारीची आठवण आहे. खडीचा ढीग मोजताना मुकादमाची पट्टी जमिनीत थोडी रुतवली की ढीग कमी भरायचा, हे तिच्या धाकट्या दिराने ओळखले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या बायांनी ढिगाखाली आधी सपाट दगड लावले. हे कुठल्याही सरकारी अहवालात सापडणार नाही.

निम्म्याहून थोड्या जास्त फायली झाल्या आहेत. शुद्धलेखन सुधारतो, मास्तरकीची सवय जात नाही. पाथर्डीकडची बोली मात्र तशीच ठेवली आहे.